शेवटच्या आकड्यापलीकडचा आवाज

२० नोव्हेंबर १९९४, रविवार

डायरी लिहिणाऱ्या मुली मला आवडत नाहीत. त्यांच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही झालेलं नसतं आणि तरी त्या लिहितात. माझं तसं नाही. मला एक शोध लागण्याच्या बेतात आहे. शोध कोणी लावला यावरून पुढे भांडणं होतात, म्हणून तारीखवार लिहून ठेवते.

मी ईश्वरी. बी.एस्सी.चं तिसरं वर्ष, फिजिक्स. लांबची रेडिओ केंद्रं ऐकणाऱ्यांचं बीडमध्ये एकच मंडळ आहे आणि मी त्याची अध्यक्ष आहे. रोहिणी चिटणीस, कारण तिचं अक्षर चांगलं आहे. ती पलीकडच्या गल्लीत राहते, लहानपणापासून माझ्या मागेमागे आहे. प्रवीण सभासद. तो सोलापूर रस्त्यावरच्या पालीहून कॉलेजला येतो. त्याला उपाध्यक्ष करावं असं रोहिणी म्हणत होती. तीन माणसांत उपाध्यक्ष कशाला, असं मी म्हणाले आणि विषय संपला.

आम्ही गाणी ऐकणारे नव्हे. जर्मनी, जपान, क्युबा अशी केंद्रं पकडायची, काय ऐकलं आणि आवाज कसा होता ते त्यांना पत्राने कळवायचं. खरंच ऐकलेलं असलं तर तिकडून रंगीत पोचकार्ड येतं. गच्चीवरच्या माझ्या खोलीची एक भिंत कार्डांनी भरली आहे. प्रवीणकडे माझ्या निम्मीसुद्धा नाहीत. पण त्याच्याकडे इक्वाडोरचं एक आहे, ते माझ्याकडे नाही. तो ते मिरवत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

तर शोध. काल संध्याकाळी सहाच्या सुमाराला ट्रान्झिस्टरची सुई मध्यम लहरीवर उजवीकडे नेत होते. सोळाशे हा पट्टीवरचा शेवटचा आकडा. त्याच्यापुढे कोरी काच असते आणि तिथे कधीच काही लागत नाही. काल लागलं. आधी 'टक' असा आवाज, मग घुंई, आणि मग माणूस बोलायला लागला. नाकातून, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. दोन-चार शब्द बोलून तो गप्प व्हायचा, मग परत दोन-चार शब्द. भाषा कळली नाही. केंद्राचं नाव नाही, संगीत नाही, बातम्या नाहीत. थोड्या वेळाने परत 'टक' आणि सगळं बंद.

मंडळाच्या आजच्या सभेत मी हे कोणालाही सांगितलं नाही. आधी खात्री, मग प्रसिद्धी.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

परत तेच, तसंच सहाच्या पुढे. आज एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. कुठलंही स्टेशन सुई बरोब्बर त्याच्यावर आणली की साफ ऐकू येतं. हे उलटं वागतं. बरोब्बर आणलं की गुदमरतं, केसभर बाजूला नेलं की मोकळं होतं. मी ऐकलेल्या एकाही केंद्राला ही खोड नाही.

भाषा पश्तू असावी किंवा ब्रह्मी. तो एवढं थांबून थांबून बोलतो त्या अर्थी कोणाला तरी संकेत देत असणार. मला रात्रभर उकल होईना आणि झोपही येईना. असं सुख फार दिवसांनी मिळालं.

४ डिसेंबर, रविवार

सभा. प्रवीणने बांबूच्या चौकटीवर तार गुंडाळून नवा एरियल करून आणला. बरा आहे. मी "बरा आहे" म्हणाले तर रोहिणी म्हणाली, "आगं, लई भारी हाय. त्यानं चार दिवस बसून केलाय." चार दिवस बसून केला हे हिला कसं माहीत, देव जाणे. ही लोकांच्या बाबतीत फार भोचक आहे.

आईने चहा दिला. आम्हाला स्टीलच्या पेल्यांत आणि प्रवीणला नेहमीच्या कपात, तो निळ्या फुलांचा आणि कान उडालेला. आई त्याला कधी पेला देत नाही. पाहुण्याला कपबशीच द्यावी अशी तिची रीत. रोहिणी मला उगाच म्हणाली, "तो कप नंतर कुठं जातो ते बघ कधी." मी म्हणाले मला स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा हिशेब ठेवायला वेळ नाही.

रोहिणीच्या घरी दोन बातम्या. लातूरचा एक मुलगा तिला बघून गेला आणि तिच्या बाबांना, केदारनाथकाकांना, पसंत पडला. आणि काकांनी मुंबईहून एक बिनवायरचा फोन मागवला आहे, दिवाळीपासून घरात आहे, गच्चीवर नेऊनही बोलता येतं. कापडाच्या दुकानात नफा झाला की माणसं असली खेळणी घेतात. तिला म्हटलं, अगं, त्यापेक्षा एक चांगला रेडिओ घ्यायचा. ती हसली नाही. लातूरच्या स्थळावर खूष दिसत नाही, बहुतेक मुलगा काळा असेल.

प्रवीण साडेपाचलाच उठला. टायपिंगच्या क्लासची सहाची बॅच लावली आहे म्हणे. फिजिक्सच्या मुलाने टायपिंग शिकावं, म्हणजे हत्तीने सुईत दोरा ओवावा. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी लागंल त्यानं." मला वाटलं होतं तो एम.एस्सी.ला माझ्याबरोबर औरंगाबादला येईल. त्याने तसं कबूल केलं नव्हतं, पण मी ठरवलं होतं.

९ डिसेंबर, शुक्रवार

स्टँडसमोर सेल आणायला गेले होते. तिथल्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात प्रवीण उभा, पाठमोरा, कानाला फोन. हसत होता. आमच्या सभेत इतका वेळ कधी हसलेला मला आठवत नाही. क्लास बुडवून पालीला कोणाला फोन करतो कोणास ठाऊक, त्याच्या घरी फोन नाही. मी हाक मारणार होते, पण सहाला घरी पोचायचं होतं म्हणून धावत आले. पोचले तेव्हा आवाज सुरू झालेला होता, आणि चांगला पाच मिनिटं टिकला.

१८ डिसेंबर, रविवार

सबंध आठवडा आवाज नाही. मी हवामानाच्या नोंदी, सूर्यावरचे डाग, सगळं तपासलं. काही पत्ता लागत नाही. रोहिणी सिरसाळ्याला आत्याकडे गेली आहे, त्यामुळे नोंदी नीट उतरवायलाही कोणी नाही. सभेला प्रवीण आला आणि चेहरा पाडून बसला. मी इतकं बोलत होते तरी त्याचं लक्ष नव्हतं.

श्रोत्यांचं जे पत्रक कलकत्त्याहून निघतं, त्याच्या संपादकांचं उत्तर आलं. मी त्यांना ब्रह्मी केंद्राची शक्यता कळवली होती. ते लिहितात, 'श्री. ईश्वरी यांनी शुद्ध कल्पनाशक्ती आवरावी.' श्री. तर श्री., पण कल्पनाशक्ती?

२६ डिसेंबर, सोमवार

आज घाईघाईने लिहितेय म्हणून अक्षर असं.

शुक्रवारी आवाज परत सुरू झाला. आज मी तांब्याची तार गच्चीवरून शेजारच्या टाकीपर्यंत ताणली आणि सुई केसभर बाजूला ठेवून कान लावला. शब्द कळले. "सिरसाळ्याला लई थंडी व्हती का?" मग थांबला. मग, "मंग स्वेटर न्यायचा न्हाई का."

मराठी. आमच्या इकडची मराठी. म्हणजे हे केंद्र ब्रह्मदेशात नाही, ते बीडमध्ये आहे. आणि ज्याला परवाना असतो त्याला नाव असतं. याला नाव नाही, म्हणजे हा कोणाचा तरी चोरटा वायरलेस आहे. स्वेटर हा संकेत असणार. थंडीच्या दिवसांत स्वेटरविषयी बोललं तर कोणाला संशय येईल?

मुंबईत दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी बॉम्बस्फोटांच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माल किनाऱ्यावर उतरतो आणि मग आत कुठेतरी जातो. बीडमध्ये का नाही जाणार? पेपरात नाव येईल. 'बीडच्या विद्यार्थिनीने छडा लावला.' फोटोसाठी केस बांधावेत की सोडावेत?

३ जानेवारी १९९५, मंगळवार

ट्रान्झिस्टरच्या पोटात एक काळी कांडी असते, तीच मध्यम लहरी पकडते. ट्रान्झिस्टर गोल फिरवत गेलं की एका जागी आवाज मरतो. त्या वेळी कांडीचं टोक केंद्राकडे असतं. हे पुस्तकात आहे, पण बीडमध्ये करून पाहणारी मी पहिलीच असेन.

कापडी पिशवीत ट्रान्झिस्टर, कानात इअरफोन, वर पदरासारखी ओढणी. सहाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. मग मारुतीच्या पारापाशी गेले. दोन्ही ठिकाणी पिशवीसकट हळूहळू फिरले. चंद्रभागाबाईंनी दारातून विचारलं, "पोरी, चक्कर येतीया का?" मी म्हणाले, हो.

घरी येऊन गल्लीचा नकाशा काढला आणि दोन रेघा मारल्या. त्या केदारनाथकाकांच्या घरावर एकमेकींना छेदतात. मी तीनदा तपासलं.

मुंबईला महिन्यातून एकदा जाणारा माणूस. दुकानात परदेशी साड्या. आता सगळं जुळतं. मला वाईट वाटायला हवं, ते वाटेना. गणित सुटल्यावर मला नेहमी जसं वाटतं तसंच वाटतंय.

४ जानेवारी, बुधवार

रोहिणीला कॉलेजच्या मागच्या पायरीवर गाठलं. रेडिओचं नावही काढलं नाही, संशयिताच्या घरच्यांना सावध करायचं नसतं. फक्त विचारलं, संध्याकाळी सहाला तुझ्या घरी कोण असतं?

ती म्हणाली, "कावून?"

मी म्हणाले, सांग तर.

"बाबा दुकानात. आई कंकालेश्वराच्या देवळात जाती. मी असती घरी."

"आणि तुझ्या घरात काय चाललंय हे मला कळलंय, असं मी म्हटलं तर?"

तिचा चेहरा पांढरा झाला. मी पुस्तकांत असं वाचलं होतं, पण खरंच पांढरा होतो हे पहिल्यांदा पाहिलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ईशा, तुला काय म्हाईत हाय? तू कुणाला सांगितलंस?" मी म्हणाले, योग्य वेळी सगळ्यांसमोर सांगेन. ती रडायला लागली. "बाबा जीव घेतील गं." म्हणजे तिला बापाचे उद्योग माहीत आहेत आणि ती त्याला भिते.

मी तिला सांगितलं की सत्य हे सत्य असतं. तिला रुमाल दिला. परत मागितला नाही.

८ जानेवारी, रविवार

सभेला रोहिणी आली नाही. तिचं कुंकू, म्हणजे साखरपुडा, बावीस तारखेला ठरलं, लातूरच्याच मुलाशी. प्रवीण एकटा आला. दारातच उभा राहून म्हणाला, "ईश्वरी, तुला काय कळलं आसंल तर आधी माज्याशी बोल. दुसऱ्या कुणाशी न्हाई."

म्हणजे रोहिणीने याला सांगितलं आणि आता याला शोधात वाटा हवा. मी म्हणाले, शोध माझा आहे. त्याने भिंतीवरच्या कार्डांकडे बघितलं. मग म्हणाला, "हे काय कार्ड मिळवायचं काम हाय का?" आणि चहा न घेता गेला.

त्याच्यासाठी आणलेला चहा मी प्यायले. मग कप ठेवायला खाली गेले, तर फळीवर त्याची जागाच सापडेना. आईला विचारलं. तिने मोरीच्या वरच्या कोनाड्याकडे बोट केलं, फिनेलच्या बाटलीशेजारी. म्हणाली, "तितंच ठिव. आपल्यात मिसळू नको." मी कप तिथेच ठेवला. बोलायला हवं होतं का, हेही मला धड ठरवता आलं नाही. चहाची चव तोंडात राहिली.

११ जानेवारी, बुधवार

संगमेशमामांना सांगितलं. ते आईचे धाकटे भाऊ, इथल्या एका दैनिकात बातम्या देतात. ते आधी हसले. मग मी त्यांना नकाशा दाखवला. मग हसायचे थांबले.

माझी योजना अशी. संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्ताने मामांनी केदारनाथकाकांना पावणेसहाला आमच्या गच्चीवर आणायचं. मी ट्रान्झिस्टर लावून बसेन. सहाला आवाज आलाच नाही, तर वायरलेस चालवणारे तेच. आलाच, तर तो चालवणारा त्यांच्या घरातला दुसरा कोणी, आणि काकांचा चेहरा बघून ते कळेल. दोन्ही बाजूंनी आपलाच डाव. रहस्यकथेच्या शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात ते उगाच नाही.

मामा म्हणाले, "बातमी झाली तर पहिल्या पानावर घेतो."

१४ जानेवारी, शनिवार, संक्रांत

हे आज लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सगळं ठरल्यासारखं झालं. काका आले, खुर्चीवर बसले, तिळगूळ घेतला. भिंतीवरची कार्डं बघून म्हणाले, "येवढ्या देशांत वळख हाय व्हय तुजी? मंग नवरा तिकडलाच बघू." मी ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला, इअरफोन कानात. इअरफोन उपसला की आवाज बाहेर, असं मामांशी ठरलं होतं.

वेळ काढायला मामा बातम्या सांगत बसले. एका गावात म्हणे वरच्या आळीची पोरगी आणि बौद्धवाड्यातला पोरगा पळून चालले होते, स्टँडवरच सापडले. पोराचे दोन्ही पाय मोडले. केस झाली नाही, कोणी साक्षच देईना. काकांनी तिळाचा लाडू फोडला. म्हणाले, "बराबर केलं. मी आसतो तर पायावर भागवलं नसतं."

ते अगदी सहज म्हणाले. शिळ्या भाताला फोडणी द्या म्हणावं, तसं.

मग मामांनी त्यांना मुद्दाम विचारलं, मुंबईहून यंदा काय काय आणलं. काका खुलले. "फोन आणलाय की. हातात घिऊन गच्चीवर जा, मोरीत जा, वायरच न्हाई. डबडं आत खुंटीपाशी, आन बोलणं सगळं हवेतून जातंय म्हणत्यात."

हवेतून.

माझं बोट सुईच्या चाकावर होतं. मी शेवटच्या आकड्यापुढे गेले, केसभर बाजूला सरकले, आणि कानात 'टक' झालं. काका समोर बसून लाडू खात होते आणि त्यांच्या घरातला फोन माझ्या कानात बोलत होता. म्हणून थांबून थांबून. तो बोलायचा, मग समोरचं माणूस बोलायचं, ते मला ऐकू यायचं नाही. वायरलेस नाही, संकेत नाही, स्वेटर म्हणजे स्वेटर. दोन महिने मी अर्धा फोन ऐकत होते.

आधी मला आनंद झाला, हे लिहून ठेवते. कोडं इतकं सुंदर सुटलं की मी जवळजवळ हसले.

मग आवाज ओळखला. पत्र्याच्या डब्यातून येणारा, पण "मंग" म्हणताना थोडा लांबवणारा. तो प्रवीणच होता. दर रविवारी माझ्या समोर बसतो तो.

"रडू नको," तो म्हणत होता. थांबला. "आगं, न्हाई सांगणार ती. मी वळखतो तिला. तोंडानं लई फटकळ हाय, पण चुगली करणाऱ्यातली न्हाई ईश्वरी." थांबला. "हां. कळलंय तिला, तरी आठ दिस झाले, बोलली का कुणाला?" परत थांबला. "मंग शुक्रवारीच. सकाळी. पुण्याचं काम पक्कं झालंय, मी रुजू व्हतोय सोमवारी. तू स्टँडवर यायचंच न्हाई. सगळे नगरच्या गाडीकडं बघतील. तू रिक्षानं पालीला ये, मी फाट्यावर थांबतो. बार्शीकडनं जाऊ."

मामा म्हणाले, "काय गं, लागलं का?"

काका म्हणाले, "काय ऐकवती पोरगी? ऐकव की मंग."

राग होता. रोहिणीचा होता, ती मला काहीच बोलली नाही. त्याचा तर होताच. एम.एस्सी.चा होता. मी मूर्खासारखी पिशवी घेऊन गल्लीत गोल फिरले, त्याचाही होता. आणि त्यात मधेच ते, मी वळखतो तिला. मी तर तीन दिवसांपूर्वीच सांगून बसले होते. तो मला ओळखत नाही. त्याला वाटते तशी मी नाही.

इअरफोन उपसायचा, एवढंच काम होतं. पहिलं पान माझं होतं. हे सगळं माझंच होतं, मी शोधलेलं.

मी चाक डावीकडे फिरवलं. मग इअरफोन उपसला. खोलीभर शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला, हरभऱ्यावरची घाटेअळी आणि तिच्यावरची फवारणी.

"हे?" मामा म्हणाले.

मी म्हणाले, "हेच. मला वेगळं काहीतरी वाटलं होतं."

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

१७ जानेवारी, मंगळवार

मामांनी छापलंच. आतल्या पानावर, 'गल्लीतल्या गमती'च्या चौकटीत. नाव नाही, पण 'एक विज्ञानाची विद्यार्थिनी' आणि 'घाटेअळीचा हेर' म्हटल्यावर बीडमध्ये आणखी कोण असणार. कॉलेजात मागच्या बाकावरून फवारणीच्या पंपाचा आवाज काढतात. आई म्हणाली, "बरं झालं, आता तरी ते डबडं ठिवशील."

रोहिणी भेटली. मी तोंड फिरवलं. ती जवळ आली असती तर मी काहीतरी बोलून गेले असते, आणि मला माझ्या तोंडाचा भरवसा नाही. तिला वाटलं असेल मी रागावले. रागावलेलीच आहे.

सहाला ट्रान्झिस्टर लावला नाही. हे फार अवघड जातं. तिकडे कोणीतरी बोलतंय आणि मला ऐकता येतंय आणि मी ऐकत नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

२० जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेआठला गच्चीवर होते. रोहिणी त्यांच्या मागच्या दाराने निघाली, हातात फक्त कॉलेजची पिशवी. कोपऱ्यावर रिक्षात बसली. वर बघितलं नाही.

साडेदहाला त्यांच्या घरात आरडाओरडा सुरू झाला. अकराच्या पुढे केदारनाथकाका आमच्या घरी आले. एकटेच आले, बाहेर जीप चालू होती, तिच्यात तिघे-चौघे बसले होते. काका गच्चीवर चढून आले ते धापा टाकत. संक्रांतीचा माणूस हा नव्हेच असं वाटावं, इतका चेहरा उतरला होता. क्षणभर मला त्यांची कीव आली. मग मला पायांचं बोलणं आठवलं.

ते म्हणाले, "फोन बसवणारं पोरगं आत्ता म्हणालं, ह्या फोनचं बोलणं जवळच्या रेडिओत घुसतंय. संगमेश म्हणला, तू नकाशा काढलातास. माज्या घरावर रेघा मारल्यात्या." त्यांनी माझ्या खांद्याला धरलं. जोरात नाही. "तू ऐकलंस. कोण हाय तो? कुठून बसणार हायेत? जीप नगरच्या रोडला लावू का कुठं लावू, तेवढं सांग, पोरी. तुला सगळं कळतंय ह्यातलं."

मला सगळं कळतं ह्यातलं. हे वाक्य माझ्याविषयी कोणीतरी म्हणावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली असेल. म्हणणारा माणूस आज भेटला.

"न्हाई काका," मी म्हणाले. "मला रेडिओतलं काही कळत न्हाई."

"मंग हे?" त्यांनी भिंत दाखवली.

"पत्र टाकलं की कुणालाबी पाठवतात. लहान पोरी बांगड्यांचे तुकडे जमवतात तसं जमवते. त्या दिवशी बघितलं ना तुम्ही, हरभऱ्याचा कार्यक्रम मला हेर वाटला. नकाशा मी मामांना गंमत म्हणून काढून दाखवला होता. कांडी कुठली नि रेघ कुठली, मला काय समजतंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हटवली नाही. बावळट दिसायला काय करावं लागतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून तोंड थोडं उघडं ठेवलं. हळूहळू त्यांना पटत गेलं. पेपरात आलेलं होतं, सगळं गाव हसलेलं होतं, त्यांना पटायला जड गेलं नाही. हात खांद्यावरून काढून ते म्हणाले, "येडी हायेस निव्वळ," आणि जिना उतरले. खालून त्यांचा आवाज आला, "नगरला घे. पोरगी खुळी हाय, तिला काय म्हाईत न्हाई."

जीप नगर नाक्याकडे गेली. ती वळेपर्यंत मी गच्चीवरून बघितलं. आतापर्यंत त्या दोघांनी बार्शीच्या वाटेवरचं येरमाळा गाठलं असेल.